गावातल्या जुन्या वस्तूंची पक्की नोंद कशी करायची: खानदेशातल्या छोट्या संग्रहांसाठी

खानदेशात जुन्या वस्तूंचे छोटे छोटे संग्रह खूप आहेत. कुठे शाळेच्या कपाटात नाणी आणि खापराचे तुकडे ठेवलेत, कुठे वाचनालयाच्या माळ्यावर पोथ्यांची गाठोडी आहेत, कुठे वाड्यात आजोबांनी जमवलेली भांडी, दिवे, तलवारी आहेत, आणि नंदुरबारकडे पाड्यांवर होळीचे साज, ढोल, पावऱ्या (भोपळा लावलेलं, फुंकून वाजवायचं वाद्य) आहेत. बहुतेक ठिकाणी यादी पण असते, पण ती कशी, तर "जुनी मूर्ती १, तांब्या ३, जातं १". ज्याने यादी केली तो माणूस आहे तोवर ठीक, तो गेला की मूर्ती कुठली, कोणी दिली, काही सांगता येत नाही, आणि उद्या चोरी झाली तर पोलिसांना सांगायला आपल्याकडे "जुनी मूर्ती" एवढंच असतं.

हे काम नीट करायच्या पद्धती जगात ठरलेल्या आहेत आणि त्या वापरायला पैसे लागत नाहीत. एक मोबाईल, एक टेप, एक वजनकाटा आणि गुगल शीट एवढ्यावर काम सुरू होतं. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ १९२७ साली उभं राहिलं तेव्हा कॉम्प्युटर कुठे होते, तरी वस्तू, कागद, पोथ्या टिकल्या, कारण कोणीतरी बसून त्या जमवल्या आणि सांभाळल्या. आपल्या हातात तर त्याहून कितीतरी जास्त साधनं आहेत.

आधी स्टँडर्ड म्हणजे काय ते थोडक्यात

नावं ऐकून लोक घाबरतात म्हणून सरळ सांगते. नोंद करताना चार प्रश्न पडतात आणि प्रत्येक प्रश्नाला वेगळं स्टँडर्ड आहे.

रकाने कोणते ठेवायचे? यासाठी अमेरिकेतल्या गेटी संस्थेचं सीडीडब्ल्यूए आहे, त्यात पाचशेच्या वर रकाने आणि उपरकाने आहेत, पण ते सगळे भरायचे नसतात, त्यातला गाभ्याचा छोटा भागच बघायचा. व्हीआरए कोअर आहे, ते खास कलावस्तू आणि त्यांच्या फोटोंसाठी. आणि सगळ्यात सोपं डब्लिन कोअर, फक्त १५ रकाने, १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी बैठक झाली म्हणून ते नाव पडलं.

रकान्यात लिहायचं कसं? त्यासाठी सीसीओ, म्हणजे कॅटलॉगिंग कल्चरल ऑब्जेक्ट्स, २००६ साली पुस्तकरूपात आलं. आधी उंची का रुंदी, अंदाजे तारीख कशी लिहायची, बनवणारा माहीत नसेल तर काय, असले रोजचे प्रश्न त्यात सोडवलेत. माझ्या मते चौघांत हेच सगळ्यात कामाचं, आणि नेमकं याच्याकडेच लोक बघत नाहीत.

शब्द कोणते वापरायचे? गेटीचे शब्दसंग्रह आहेत, वस्तू-साहित्य-तंत्र यासाठी एएटी, गावांसाठी टीजीएन, कलाकारांसाठी यूएलएएन. ऑनलाइन फुकट बघता येतात आणि प्रत्येक शब्दाला स्वतःचा नंबर असतो.

आणि ही माहिती दुसऱ्या म्युझियमला पाठवायची कशी? त्यासाठी लिडो नावाचा फॉरमॅट. हा प्रश्न छोट्या संग्रहाला पहिल्या वर्षी पडत नाही, त्यामुळे सोडून द्या.

पहिली पायरी: नंबर

काहीही लिहायच्या आधी वस्तूला नंबर द्या. साधी पद्धत म्हणजे वर्ष, त्या वर्षातला देणगीचा क्रम, आणि त्या देणगीतली वस्तू, म्हणजे २०२५.४.२ म्हणजे २०२५ मधल्या चौथ्या देणगीतली दुसरी वस्तू. जातं असेल तर वरची तळी आणि खालची तळी वेगळी होते, मग २०२५.४.२अ आणि २०२५.४.२ब. नंबरात "मूर्ती", "नाणी", "पोथी" असं काही घालू नका, कारण उद्या वस्तूची ओळख बदलली तर नंबर खोटा पडतो. आणि वस्तू हरवली, फुटली, परत दिली तरी तिचा नंबर दुसऱ्या वस्तूला कधीच द्यायचा नाही.

नंबर वस्तूवर कसा टाकायचा याची काळजी घ्या. मार्करने थेट लिहू नका, सेलोटेप तर अजिबात नको, त्याचा डिंक धातूवर आणि कागदावर कायमचा डाग पाडतो. दगड, धातू, मातीच्या वस्तूंवर म्युझियमवाले पॅरालॉइड बी-७२ नावाच्या राळेचा पातळ थर देतात, त्यावर शाईने बारीक नंबर, वरून परत एक थर, म्हणजे लागलं तर काढता येतं. ते मिळत नसेल तर सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा. कापडाला सुती पट्टीवर नंबर लिहून कोपऱ्यात दोन सैल टाके. पोथीला मऊ पेन्सिलने, मजकुरापासून लांब.

दुसरी पायरी: चोराच्या आधी आपण

पूर्ण कॅटलॉग व्हायला वर्ष लागेल, पण सगळ्या वस्तूंची एक किमान नोंद आधी उरकून घ्या. यासाठी ऑब्जेक्ट आयडी नावाचं छोटं स्टँडर्ड आहे, १९९७ साली आलं, आता आयकॉम ही म्युझियमांची आंतरराष्ट्रीय संघटना ते सांभाळते, आणि चोरीच्या कलावस्तूंचा शोध घेताना जगभर पोलीस असल्याच माहितीवर काम करतात. त्यात काय विचारलंय तर फोटो, वस्तूचा प्रकार, साहित्य आणि बनवण्याची पद्धत, मापं, वस्तूवरची अक्षरं-खुणा, वेगळी ओळखू येईल अशी खूण, नाव, विषय, काळ, बनवणारा, आणि शेवटी चार ओळींचं वर्णन.

यातली "वेगळी ओळखू येईल अशी खूण" मनापासून भरा. सारखे दिसणारे दहा समया गावात असतात. तुमची कुठली? जिच्या तिसऱ्या वातीच्या तोंडाला चीर आहे आणि बैठकीवर अर्धा पुसलेला मोर आहे ती. हे लिहिलं असेल तरच ती परत मिळण्याची काही आशा, आणि त्या चिरेचा जवळून फोटो पण हवा.

फोटोचं म्हणाल तर साधं एकरंगी कापड मागे, उन्हात नाही तर ओट्यावर सावलीत, फ्लॅश बंद, शेजारी सेंटीमीटरची पट्टी आणि नंबराची चिठ्ठी. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, आणि बूड. बुडाचा फोटो सगळे विसरतात आणि भांड्याच्या बाबतीत कितीतरी माहिती बुडालाच असते. फोटो व्हॉट्सॅपवरून मागवू नका, तिथे तो दाबून बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर ड्राइव्हवर टाका, आणि फाइलचं नाव वस्तूच्या नंबरावरूनच ठेवा.

तिसरी पायरी: एक वस्तू पूर्ण करून बघू

समजा चाळीसगावकडच्या एका घरातून एक गंगाळ आलंय. दोन कड्या, काठाखाली ठोकून घातलेलं नाव आणि त्यापुढे "सं १९६५".

वस्तूचा प्रकार: गंगाळ. हा आपला शब्द पहिला लिहा, शेजारच्या रकान्यात "आंघोळीच्या पाण्याचं मोठं भांडं" असं साध्या मराठीत, आणि तिसऱ्या रकान्यात एएटीमधला सर्वात जवळचा शब्द आणि त्याचा नंबर. एएटीमध्ये नेमकं गंगाळ नाही मिळालं तर एक पायरी वर जाऊन साधं भांडं या अर्थाचा शब्द घ्या, ओढूनताणून चुकीचा घेऊ नका. बोलीतले शब्द तर जपाच. लेवा गणबोलीत जात्याला घरोट म्हणतात, मग दोन्ही नावं नोंदवा, शोधणारा कुठल्याही नावाने शोधेल, दोन्हीनी सापडलं पाहिजे. फक्त एक ठरवा की मुख्य रकान्यात नेहमी एकच रूप येईल, नाहीतर पन्नास नोंदींत जातं, जाते, दगडी जाते, घरोट असे चार प्रकार होतात आणि मोजदाद करता येत नाही.

साहित्य: बघून पितळ वाटतंय. पण धातू डोळ्याने ओळखायचा आत्मविश्वास ठेवू नका, पितळ आणि कासं यात जाणती माणसं पण फसतात. खात्री नसेल तर "तांब्याचा मिश्रधातू, बहुधा पितळ" लिहा, मोठी म्युझियम पण असंच लिहितात. पद्धत घडीव का ओतीव ते वेगळं. ठोक्यांच्या खुणा दिसतात म्हणजे अंग घडीव, कड्या ओतीव आणि रिव्हेटने बसवलेल्या. गावात किंवा जवळच्या पेठेत एखादा तांबट अजून काम करत असेल तर वस्तू त्याला दाखवा, तो पाच मिनिटांत जे सांगेल ते पुस्तकात मिळणार नाही, आणि त्याने सांगितलं हे पण नोंदवा.

मापं: उंची, मग रुंदी, मग खोली, नेहमी याच क्रमाने, नेहमी सेंटीमीटरमध्ये. गोल वस्तूला उंची आणि तोंडाचा व्यास. कड्या धरून का सोडून ते लिहा. वजन वेगळ्या रकान्यात. "मोठं", "मध्यम" हे शब्द मापाच्या रकान्यात येताच कामा नयेत.

अक्षरं: जशीच्या तशी उतरवा, ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका, पुसलेलं अक्षर असेल तिथे तीन टिंबं द्या. मोडीत असेल तर आधी मोडी मजकुराचा फोटो, मग बालबोधीत उतारा, आणि अर्थ तिसऱ्या जागी.

आता काळ, आणि इथे थांबून विचार करायला लागतो. "सं १९६५" वाचून कोणीही १९६५ साल लिहून मोकळा होईल. पण आपल्याकडे व्यापारी घरांत गुजरात-मारवाडच्या संबंधामुळे विक्रम संवत सर्रास चालायचा, चोपड्यांवर तोच असायचा. संवतातून ५७ किंवा ५६ वजा केले की इसवी सन येतो, म्हणजे हे गंगाळ १९०८-०९ चं, सरळ अर्ध्या शतकाचा फरक. मराठी पोथ्यांवर शक असतो, त्यात ७८ किंवा ७९ मिळवायचे. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, महसुली कागदांवर फसली असेल तर दख्खनच्या फसलीत ५९० किंवा ५९१. दोन आकडे का, तर आपलं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, शक १८०० चा चैत्र १८७८ मध्ये येतो पण माघ-फाल्गुन १८७९ मध्ये.

म्हणून काळासाठी तीन रकाने ठेवा, ही सीसीओची पद्धत आहे आणि खरंच हुशारीची आहे. पहिल्यात माणसाने वाचायचं: "संवत १९६५ (इ.स. १९०८-०९), भांड्यावर कोरलेलं". दुसऱ्यात सर्वात आधीचं शक्य वर्ष: १९०८. तिसऱ्यात सर्वात नंतरचं: १९०९. जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे पण हे चालतं, "अंदाजे १९ व्या शतकाचा उत्तरार्ध" आणि पुढे १८५० ते १९००. कॉम्प्युटरला अंदाज कळत नाही, दोन आकडे मात्र कळतात. आणि एक ध्यानात घ्या, कोरलेलं साल हे नाव घातल्याचं साल असतं, भांडं त्याच्या आधी बनलेलं असू शकतं, हे पण एका ओळीत लिहून ठेवा.

ठिकाणाचा घोळ आपल्याकडे जास्त

जुन्या कागदांवर नुसतं खानदेश असतं. १९०६ साली जिल्ह्याचे दोन झाले, पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे प्रकाशे गाव जुन्या अहवालात पश्चिम खानदेशात, नंतर धुळे जिल्ह्यात, आज नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात. फारुकी सुलतानांचं बुऱ्हाणपूर तर जुन्या खानदेशाची राजधानी, आज मध्य प्रदेशात. म्हणून कागदावर आहे ते ठिकाण एका रकान्यात जसंच्या तसं, आणि आजचं गाव-तालुका-जिल्हा वेगवेगळ्या रकान्यात. टीजीएन किंवा जिओनेम्स या ठिकाणांच्या ऑनलाइन यादीतला नंबर जोडला तर नाव कितीही बदललं तरी जागा तीच राहते.

शिवाय वस्तू बनली कुठे, वापरली कुठे, सापडली कुठे आणि आज आहे कुठे, ही चार वेगळी ठिकाणं असू शकतात. गंगाळ चाळीसगावच्या घरातून आलं म्हणून ते चाळीसगावला बनलं असं लिहू नका. ठेवायची जागा, म्हणजे खोली, कपाट, कप्पा, तर वेगळीच नोंदवायची, आणि वस्तू हलवली की त्याच दिवशी बदलायची. इंग्लंडमध्ये संग्रह सांभाळण्यासाठी स्पेक्ट्रम नावाची कामाची पद्धत आहे, तिच्यात जागेच्या आणि हलवाहलवीच्या नोंदीला मोठा मान आहे, आणि तो योग्यच आहे, कारण सापडत नाही ती वस्तू असून नसल्यासारखी.

हे कोणी सांगितलं?

मला या सगळ्यात सर्वात महत्त्वाचा वाटणारा रकाना हा आहे आणि तो बहुतेक तक्त्यांत नसतो. प्रत्येक महत्त्वाच्या माहितीपुढे ती कुठून आली ते लिहा: वस्तूवर दिसतंय, कोणी सांगितलं, कागदात आहे, की आपला अंदाज.

घरातल्या आजी म्हणतात, "हाई मन्हा आजलानं शे". हे त्यांच्या शब्दांत, अहिराणीतच लिहा, तारखेसह, आणि त्यांची परवानगी असेल तर मोबाईलवर रेकॉर्डिंग करून फाइलचं नाव नोंदीत टाका. त्याचं "मालकाच्या आजोबांनी १९०८ मध्ये खरेदी केलं" असं रूपांतर करू नका. आजींनी खरेदी म्हटलेलं नाही, साल पण म्हटलेलं नाही. ते साल भांड्यावरून आलंय, आजोबा आजींकडून आलेत, आणि खरेदी आपल्या डोक्यातून आली. असं जोडकाम एकदा नोंदीत शिरलं की वीस वर्षांनी तेच इतिहास म्हणून छापलं जातं आणि मग ते उकलणारं कोणी राहत नाही.

आदिवासी भागातल्या वस्तूंना तर हे आणखी लागू. पावरी वाजवणाऱ्या कोकणा माणसाकडून तिचे भाग, भोपळा कधी कापतात, कुठल्या सणाला वाजवतात हे त्याच्याच शब्दांत घ्या. बनवणाऱ्याच्या रकान्यात "आदिवासी कारागीर" लिहून मोकळं होऊ नका. कारागीर हयात असेल तर त्याला विचारा, नाव नोंदवलेलं चालेल का, आणि चालत असेल तर नाव लिहा, शहरातल्या चित्रकाराचं लिहितो तसंच. नसेलच माहीत तर "कारागीर अज्ञात, कोकणा, नवापूर परिसर" असं, जेवढं खरंच कळलंय तेवढंच.

विषय कसा लिहायचा

मूर्ती आणि चित्रांसाठी विषय तीन थरांत लिहितात. आधी नुसतं दिसतं ते: चार हातांची बसलेली स्त्री, डाव्या हातात वाडगं. मग ओळख: कोणती देवी. मग अर्थ: कुठल्या पूजेत, कशासाठी. पहिला थर कोणीही भरू शकतो आणि तो कधी खोटा पडत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच. भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती असतील तर दिसतं ते लिहून, मग भुलाबाई-भुलोजी, मग भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत मुली मांडतात ती रीत, आणि त्या घरात म्हटलेली गाणी रेकॉर्ड केली तर ती वेगळी नोंद करून या नोंदीला जोडा.

वस्तू आणि फोटो एकत्र करू नका

व्हीआरए कोअरने ही गोष्ट फार स्वच्छ मांडलीय. चांगदेवच्या देवळाचा १९३० च्या सुमाराचा फोटो तुमच्याकडे आहे असं धरा. देऊळ शेकडो वर्षं जुनं, दगडाचं, बांधणारा वेगळा, फोटो शंभर वर्षांच्या आतला, कागदाचा, काढणारा वेगळा. एकाच ओळीत दोन्ही कोंबलं की तारखेच्या रकान्यात काय लिहिणार? देवळाची एक नोंद, फोटोची दुसरी, आणि मधे दुवा. मोबाईलने काढलेला स्कॅन ही फोटोची प्रतिमा, तिचा हक्क कोणाचा आणि तारीख काय हे तिच्याजवळ.

देवघर, कायदा आणि गुपित

नोंद करतो म्हणजे सगळं जगाला दाखवतोच असं नाही. शीटला एक रकाना "सार्वजनिक / फक्त संस्थेसाठी" असा ठेवा. देणाऱ्याचं नाव-पत्ता, चांदीच्या वस्तूची जागा, किंमत हे कधीच ऑनलाइन नको. कानबाईची मांडणी, कुळाचे टाक, डोंगराळ भागातले देव यांचे फोटो घ्यायच्या आधी विचारा, आणि "बघा पण फोटो नको" असं म्हटलं तर नोंदीत तेच लिहा आणि पुढे चला.

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरची वस्तू, आणि महत्त्वाची हस्तलिखितं असतील तर ७५ वर्षांवरची, पुरावशेष धरली जाते, परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि दगड-धातूच्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा ठरावीक प्रकारांची सरकारी नोंदणी लागते. म्हणून ते संवताचं गणित नीट करायचं, शंभर वर्षं झाली की नाही ते त्यावरच ठरतं. आणि शेत नांगरताना मूर्ती किंवा नाण्यांचा हंडा निघाला तर तो संग्रहात घेऊन नंबर देऊ नका, तहसीलदारांमार्फत कलेक्टरला कळवा, १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. सापडल्या जागेचा फोटो आणि मोबाईलवरचं लोकेशन मात्र लगेच घ्या, नंतर ते मिळत नाही.

शीटमधल्या बारीक गोष्टी

एका ओळीत एक वस्तू, एका रकान्यात एकच गोष्ट. दोन साहित्यं असतील तर मधे उभी रेघ द्या, कॉमा नको, कारण कॉमा वर्णनात पण येतो. नंबराचा रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर एक्सेल १२-३ ची १२ मार्च करतं. या लेखात मी आकडे मराठीत लिहिलेत, पण शीटमध्ये नंबर आणि वर्षं इंग्रजी आकड्यांतच ठेवा, निदान एकच पद्धत ठेवा. टायपिंग युनिकोडमध्येच. जुनी यादी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असेल तर ती आधी कन्व्हर्ट करून प्रत्येक ओळ डोळ्याखालून घाला, जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. सीएसव्ही, म्हणजे शीटची साध्या टेक्स्टमधली फाइल, उघडल्यावर मराठीऐवजी चित्रविचित्र चिन्हं दिसली तर फाइल खराब झालेली नसते, एक्सेलमध्ये डेटा इम्पोर्टमधून यूटीएफ-८ निवडून उघडा.

रिकामा रकाना आणि "माहीत नाही" यात फरक करा. रिकामा म्हणजे अजून बघितलं नाही, "माहीत नाही" म्हणजे बघितलं आणि सापडलं नाही. नोंद कोणी केली आणि कधी केली हे शेवटच्या दोन रकान्यांत, आणि माहिती बदलली तर जुनी खोडू नका, तारखेसह खाली उतरवा.

दोनशे-तीनशे वस्तूंपर्यंत शीट पुरतं. पुढे जायचं असेल तर ओमेका हे सॉफ्टवेअर डब्लिन कोअरवर चालतं आणि लोकांना दाखवायला चांगलं, कलेक्टिव्हअॅक्सेस म्युझियमच्या आतल्या कामाला भारी पण लावून द्यायला जाणकार लागतो, आणि पुण्याच्या सीडॅकने बनवलेलं जतन हे आपल्या राष्ट्रीय संग्रहालयांत वापरलं जातं. सॉफ्टवेअर आधी घेऊन मग वस्तू मोजायला बसू नका, रकाने नीट असतील तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चढतात.

दर महिन्याला शीट आणि फोटो दोन ठिकाणी कॉपी करा, एक ड्राइव्हवर, एक हार्डडिस्कवर, आणि ती हार्डडिस्क संग्रहाच्या खोलीत न ठेवता दुसऱ्या कोणाच्या घरी. वर्षातून एकदा सगळी यादी प्रिंट काढून, पानांवर नंबर घालून, सही करून शाळेच्या किंवा वाचनालयाच्या दप्तरात लावा, आणि त्याच दिवशी दोघांनी मिळून कुठल्याही वीस वस्तू यादीवरून शोधून बघा, मग उलट कपाटातल्या कुठल्याही वीस वस्तू यादीत आहेत का ते तपासा.